एक जाळी, दोन गुडघे

दादाचा गुडघा गेला तो तिच्या कपाटापायी.

दादा तिचा सख्खा भाऊ नव्हे, मावसभाऊ. मावशी गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तिच्या आईनं त्याला एका पिशवीसकट घरी आणलं आणि त्या दिवसापासून तो घरातला थोरला झाला. शाळेत त्याचं मन कधी रमलं नाही. विशी गाठायच्या आतच तो फरशी बसवणाऱ्यांच्या हाताखाली लागला आणि बघता बघता नावाजलेला कारागीर झाला. पाणसळ ठेवून बुडबुडा बघायच्या आधीच फरशी कुठे उतरतेय ते त्याच्या तळहाताला कळायचं. ती शिकली ती त्याच्या कमाईवर. हिच्या शिक्षणाला दादाच्या गुडघ्यांनी हातभार लावला, असं घरात हसत हसत म्हणत, आणि ते अगदी खरं होतं.

तिला इस्पितळात नोकरी लागली आणि तिनं जवळच तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली. जिना अरुंद, आणि कपाट लोखंडी. ती वर, दादा खाली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाटाची कड तिच्या बोटांतून निसटली. दादानं सगळं वजन अंगावर घेतलं, पण उजवा पाय मुरगळला आणि गुडघा पायरीच्या कडेवर आपटला. तो थोडा वेळ तिथेच बसला, मग म्हणाला, चल, उचल. कपाट वर पोचवूनच त्यानं पाणी मागितलं. घरी जाऊन वहिनीला त्यानं सांगितलं की माझाच पाय घसरला. ही शेजारीच उभी होती, पण तिनं ते खोडून काढलं नाही.

वर्षभरात गुडघा सुजायला लागला. एमआरआयमध्ये दिसलं की हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर, ज्याला कूर्चा म्हणतात, त्याचा नाण्याएवढा तुकडा निघून गेलाय आणि खाली हाड उघडं पडलंय. कूर्चा एकदा गेली की आपणहून भरून येत नाही. दादा जमिनीचं काम सोडून भिंतींच्या फरश्या बसवायला लागला, कारण ते उभ्यानं होतं. पण भिंती थोड्या आणि जमिनी फार. ठेकेदार हळूहळू दुसऱ्याला बोलवायला लागला.

आणि ती काय काम करत होती? नेमकं हेच. इस्पितळाच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर, एका काचेच्या खोलीत एक यंत्र होतं. ते वितळलेल्या धाग्यानं जाळी विणायचं. धागा केसाहून बारीक. एक थर आडवा, एक उभा, पुन्हा आडवा, असे शंभरावर थर चढले की अंगठ्याच्या नखाएवढी, किंचित बाक असलेली एक पांढरी चकती तयार व्हायची. रोग्याच्या गुडघ्याच्या एमआरआयवरून तिचा आकार काढलेला असायचा, त्यामुळे ज्याच्या खड्ड्यासाठी केली त्याच्याच खड्ड्यात ती चपखल बसायची. हाडातल्या पेशी जाळीच्या भोकांत शिरायच्या, तिथे घर करायच्या, नवी कूर्चा धरायच्या. हे यंत्र चालवणारी ती एकटीच. सगळा विभाग तिला जाळीवाली म्हणे.

दादाला तिनं हे समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे परांचीच की ही. भिंत उभी राहीपर्यंत आधार.”

“हो. फक्त ही काढावी लागत नाही. काम झालं की आपली आपण विरघळते.”

“आमच्या परांच्या अशा विरघळल्या तर बरं होईल. उतरवतानाच जास्त माणसं पडतात,” दादा म्हणाला.

इस्पितळात जाळीची चाचणी चालू होती. तीस माणसं घ्यायची. पंधरा जणांना जाळी, पंधरा जणांना जुनी शस्त्रक्रिया. जुन्या पद्धतीत उघड्या हाडाला बारीक भोकं पाडतात, आतलं रक्त वर येऊन साकळतं आणि त्यातून कूर्चेसारखं काहीतरी तयार होतं. ते वर्षभर छान चालतं, मग पुष्कळांचं झिजतं. कोणाला काय मिळणार ते चिठ्ठीवर. चिठ्ठ्या वरच्या मजल्यावरचे आकडेमास्तर काढायचे. ते तीस क्रमांकांची बंद पाकिटं पाठवायचे आणि मूळ यादी आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवायचे. रोग्याला दोन वर्षं काही सांगायचं नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाईंनासुद्धा आत गेल्यावर, डबा उघडल्यावरच कळायचं. डब्यात एक तर जाळी असे, नाहीतर नुसती चिठ्ठी. आधी माहीत असायचं ते जाळीवालीला, कारण विणायचं तिला.

अर्जावर एक प्रश्न होता: आपल्या नात्यातलं कोणी या विभागात काम करतं का? दादानं पेन उचललं तेव्हा ती म्हणाली, “नाही लिही.” आडनावं वेगळी होती. दादानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नाही लिहिलं.

त्याच दिवशी त्याच बाकावर एक टपालवाली बसली होती. चाळिशीला टेकलेली, खांद्याला पट्ट्याचा घट्टा पडलेला, बोलायला मोकळी. ओल्या जिन्यावरून पत्रांच्या गठ्ठ्यासकट घसरली होती. लोक म्हणतात पत्रं कमी झाली, ती सांगत होती, पण जिने कुठे कमी झालेत? जाळीवालीनं दोघांना एकत्रच माहिती दिली. दादा माना डोलवत होता. टपालवालीनं मात्र खोदून खोदून विचारलं. धागा कशाचा, किती दिवस टिकतो, विरघळून जातो कुठे. शेवटी तिनं विचारलं, “आणि चिठ्ठी कोण काढतं, ताई?”

जाळीवालीनं सांगितलं की वरच्या मजल्यावरचे गृहस्थ काढतात, ते कोणाला ओळखत नाहीत.

“मग बरं आहे,” टपालवाली म्हणाली. “ओळखीवर कामं व्हायला लागली की आमच्यासारख्यांचं काही खरं नसतं.”

दादाचा क्रमांक अकरा आला, टपालवालीचा बारा.

पाकिटं दोघांनी मिळून उघडायची असा नियम होता. पण सोबतच्या मदतनीस बाई सही आधीच करून जेवायला जात, आणि आजवर त्यात काही बिघडलं नव्हतं. त्या दुपारीही त्या सही करून गेल्या. जाळीवालीनं दोन्ही पाकिटं फोडली. अकरात लिहिलं होतं, जुनी पद्धत. बारात, जाळी.

ती बसून राहिली. यंत्राचा पंखा घरघरत होता. तिच्या मनात टपालवाली आलीच नाही, हे तिला पुढे सगळ्यात जास्त खुपलं. तिच्या डोळ्यांपुढे जिन्याच्या वळणावर बसलेला दादा होता, आणि घसरलो मीच असं सांगणारा त्याचा आवाज. चिठ्ठ्यांवर क्रमांक नव्हते, क्रमांक फक्त पाकिटांवर. तिनं ही चिठ्ठी त्यात आणि ती ह्यात घातली. मदतनीस बाई हात पुसत परत आल्या तेव्हा वहीत नोंद झाली होती: अकरा, जाळी. बारा, जुनी पद्धत. दोन वर्षांनी मूळ यादीशी ताळा होईल तेव्हा फरक दिसेल, हे तिला ठाऊक होतं. पण तेव्हा फार तर नजरचूक म्हणतील. दोन पाकिटं एकदम फोडली, गल्लत झाली. कोणाची होत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दादाची जाळी विणायला घेतली. नऊ तास ती यंत्रासमोरून हलली नाही. तिच्या हातून तोवर उतरलेली सगळ्यात देखणी जाळी होती ती. एक धागा इकडचा तिकडे नव्हता. भिंगाखाली ती बघताना तिला आनंद व्हायला हवा होता. तिनं ती पटकन डब्यात घालून झाकण लावलं.

दोन्ही शस्त्रक्रिया एकाच आठवड्यात झाल्या. सहा महिन्यांच्या तपासणीला टपालवाली दादापेक्षा बरी चालत होती. काठी कधीच सुटली होती. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तिचं कौतुक केलं. जाळीवालीला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी तिनं विभागातल्या सगळ्यांना चहा पाजला. जुनी पद्धतही चांगलीच की, ती स्वतःला सांगत होती. कोणाचंच वाईट झालं नाही. पुढचे काही महिने तिला झोपही बरी लागली.

वर्षाच्या तपासणीत मात्र तेच झालं ज्याची तिला धास्ती होती. एमआरआयमधल्या कूर्चेची जाडी संगणकावर मोजायचं काम तिचंच होतं. अकरा क्रमांकाचा खड्डा काठापर्यंत भरला होता. नवा भाग कुठला आणि जुना कुठला ते शोधावं लागत होतं. बारा क्रमांकात सहा महिन्यांपूर्वी भरलेलं सगळं विरविरीत झालं होतं आणि मधोमध पुन्हा हाड दिसत होतं. तिनं तीन तीनदा मोजलं. आकडा बदलला नाही.

टपालवाली बाहेर बाकावर होती. पायऱ्या चढताना कळ येते म्हणून तिला फेरीवरून काढून टपाल वेगळं करायच्या टेबलाशी बसवलं होतं. तक्रार अशी तिनं केली नाही. टेबलावर पंखा आहे, ऊन लागत नाही, म्हणाली. फक्त दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचं, आणि आपण वाटलेली पत्रं आता दुसरं कोणी वाटतं, याची सवय होत नाही. जायला निघाली तेव्हा तिनं जाळीवालीचा हात हातात घेतला आणि म्हणाली की तुम्ही सगळं नीट समजावून सांगता, नाहीतर इथे कोण विचारतं. जाळीवालीनं हात सोडवून घेतला आणि फाईल शोधायचं निमित्त करून आत गेली.

त्याच आठवड्यातल्या रविवारी दादा तिच्या खोलीवर आला. मोरीतल्या फरश्या हलायला लागल्या होत्या, त्या त्याला बसवून द्यायच्या होत्या. त्यानं पँट दुमडली आणि सरळ दोन्ही गुडघ्यांवर बसला.

“बघ बारके,” तो म्हणाला. “बघून घे.”

दोन तास तो गुडघ्यांवर होता. मधून मधून शीळ घालत होता. ठेकेदारानं स्वतःहून फोन केला, सांगत होता. अख्ख्या शाळेच्या इमारतीचं काम आहे, चार मजले, सगळ्या जमिनी. वहिनी म्हणते आता तरी जरा जपून. त्याचा चेहरा उजळला होता. याच क्षणासाठी तिनं ते केलं होतं. आता तो क्षण समोर बसला होता आणि तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

“दादा, तुझ्या चिठ्ठीत जाळी नव्हती,” ती म्हणाली. “मी बदलली.”

थापी त्याच्या हातातच राहिली. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा: “कोणाची?”

तिनं सांगितलं. बाकावरची टपालवाली त्याला आठवत होती. आता तिचं कसं आहे, तेही त्यानं विचारलं आणि तिनं तेही सांगितलं. मग ती कपाटाबद्दल बोलायला लागली. इतकी वर्षं कधी न बोललेलं भडाभडा बाहेर पडलं. जिना, वळण, तिची बोटं, त्यानं वहिनीला सांगितलेलं खोटं. तुझा गुडघा मी घालवला, ती म्हणाली, मला तो परत द्यायचा होता.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग तो हळूच म्हणाला, “कपाट तुझ्या हातून सुटलं होतं, बारके. तू सोडलं नव्हतंस. त्याचा राग मला एक दिवस आला नाही. हे मात्र सुटलेलं नाही. हे तू केलंस.”

ती मोरीच्या कडेला सांडलेलं सिमेंट बोटानं पुसत राहिली.

“आणि मला विचारलंही नाहीस. विचारलं असतंस तर मी नको म्हणालो असतो, हे तुला माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाहीस.” तो उठला, आणि उठताना त्याला कशाचा आधार घ्यावा लागला नाही. “मीपण त्या कागदावर नाही लिहिलं. ते माझ्याकडे लागलं. बाकीचं तुझ्याकडे. आता काय करायचं ते तू बघ.”

त्यानं थापी धुतली, पोत्यात घातली आणि तो गेला. जिना उतरतानाची त्याची पावलं तिनं ऐकली. दोन्ही पावलांचा आवाज एकसारखा होता.

सोमवारी ती डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेर तासभर उभी होती. आत गेल्यावर तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. डॉक्टरबाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं की हे फक्त एकदाच झालं का. एकदाच, ती म्हणाली. मग त्यांनी विचारलं की ही गल्लत होती असं आपण म्हणू शकतो का. त्या सुचवत होत्या की तपासत होत्या, ते तिला कळलं नाही. नाही, ती म्हणाली, मी जाणूनबुजून केलं.

चौकशी समिती बसली. मदतनीस बाईंनाही बोलावणं गेलं, आणि त्या रडल्या तेव्हा जाळीवालीला आपण आणखी एका माणसाला खड्ड्यात ओढलं असं वाटलं. अकरा आणि बारा हे दोन्ही क्रमांक चाचणीतून बाद झाले. तिची पाच वर्षांची मेहनत ज्या निकालात जाणार होती, त्यात आता अठ्ठावीसच माणसं मोजली जाणार होती, आणि तीही संशयानं. काचेच्या खोलीची किल्ली तिनं स्वतःच टेबलावर ठेवली.

टपालवालीला सांगायचं काम समितीचं होतं. पण त्या वेळी मी तिथे असेन, असं जाळीवालीनं मागून घेतलं. खोलीत लांब टेबल होतं, पाण्याच्या बाटल्या होत्या. समितीच्या गृहस्थांनी फार सांभाळून, फार लांबण लावून सांगितलं. टपालवाली मध्येच त्यांना थांबवून जाळीवालीकडे वळली.

“म्हणजे ती जाळी मला निघाली होती?”

“हो.”

“आणि मला घातली असती तर गुडघा बरा झाला असता?”

“सांगता येत नाही,” ती म्हणाली. “जाळी घातलेल्या चौघांचा झालेला नाही. पण जास्त करून झाला असता.”

“कोणाला दिलीत?”

समितीचे गृहस्थ म्हणाले की ते उघड करता येणार नाही. जाळीवाली म्हणाली, “माझ्या दादाला.”

टपालवाली बराच वेळ बाटलीवरच्या कागदाची कड नखानं सोडवत राहिली. “मलापण भाऊ आहे,” ती म्हणाली. “त्यानं माझ्यासाठी असं केलं असतं का, तेच बघत होते. केलं असतं बहुतेक. आणि तरी मला तुमच्याकडे बघवत नाही.” मग समितीकडे वळून ती म्हणाली की बाकीचं लिहून पाठवा, आणि लंगडत बाहेर गेली.

जाळीवालीला वाटत होतं की बोलून टाकलं की ओझं उतरेल. उतरलं नाही. उलट आता ते लपवायचंही राहिलं नाही, म्हणून दिवसाउजेडी सगळ्यांसमोर वागवावं लागलं. आईनं नोकरी सुटल्याचं कारण विचारलं तेव्हा तिनं तेही खरं सांगितलं. आई म्हणाली की दादानं कालच फोन करून सगळं सांगितलंय, आणि हिला जेवायला घाल असंही सांगितलंय.

चार महिन्यांनी तिला दातांचे साचे करणाऱ्या एका दुकानात काम मिळालं. तिथेही छापायचं यंत्र होतं, पण त्यातून दात निघत. दुकानाचे मालक भले होते. जुनी नोकरी का सुटली ते तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं. ते म्हणाले, इथे कोणाचा दात कोणाला बसत नाही, त्यामुळे काळजी नाही. हसावं की नाही ते तिला कळलं नाही.

इस्पितळानं टपालवालीला चाचणीच्या बाहेर जाळी घालून द्यायचं ठरवलं. भोकं पाडलेल्या हाडावर ती तितकीशी धरत नाही, हेही तिला सांगण्यात आलं. ती तयार झाली. पण एक अट घातली: नव्या माणसाला समजावून सांगता येत नाही, तेव्हा त्या जाळीवालीला बोलवा.

ती अर्ध्या दिवसाची रजा काढून गेली. आता पाहुण्यासारखी, गळ्यात कागदी बिल्ला अडकवून. जाळी दुसऱ्यानं विणली होती आणि चांगली विणली होती. तिनं भिंग लावून दिलं. टपालवाली वाकून खूप वेळ बघत राहिली.

“एवढीशी?”

“एवढीशीच.”

तिनं पुन्हा सगळं विचारलं, आणि जाळीवालीनं पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी न धरण्याची शक्यता किती, तेही. निघताना टपालवाली म्हणाली, “मी तुम्हाला बोलावलं ते माफ करायला नाही, ताई. तुम्ही खरं सांगाल म्हणून बोलावलं. आता तरी.”

“कळलं मला,” ती म्हणाली.

पुढे आठ महिन्यांनी डॉक्टरबाईंचा दुकानात फोन आला. खड्डा दोनतृतीयांश भरलाय, त्या सांगत होत्या. पूर्ण भरेल असं वाटत नाही. पण दोन मजल्यांपर्यंतच्या इमारतींची फेरी तिला परत मिळाली, गेल्या सोमवारपासून. तुम्हाला कळवा असं तिनं सांगितलेलं नाही, मीच कळवतेय. जाळीवालीनं आभार मानले आणि फोन ठेवला. समोर नुकत्याच छापलेल्या दाढांची रांग धुवायची होती. तिनं नळ सोडला. पाणी कधीपासून नुसतंच वाहतंय, हे तिच्या लक्षात आलं ते मालकांनी आतून हाक मारली तेव्हा.